सेट आणि प्रॉपर्टीचं काम शिकायचं तर कोर्स लावावा की थेट कामाला लागावं?

प्रश्न सांगलीहून आलाय. वय २३, इंटेरिअर डिझाइनचा डिप्लोमा, आणि दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेला गावातल्या हौशी संस्थेच्या नाटकांचं नेपथ्य. थर्मोकोल कापायला ही मुलगी व्हिडिओ बघून शिकली. तिला नाटक आणि सिनेमा, दोन्हींसाठी सेट आणि प्रॉपर्टी, म्हणजे नटांच्या हातात आणि सेटवर लागणाऱ्या वस्तू, स्वतःच्या हातानं बनवायला शिकायचंय. वडील म्हणतात पैसे भरतो, पण रीतसर कोर्स कर. नाटकातले मित्र म्हणतात मुंबई गाठ आणि कुणाच्या तरी हाताखाली लाग. तिला विचारायचंय की कुठला कोर्स लावू, वर्षभरात काम मिळण्याइतकं येईल का, आणि हत्यारं कुठली घेऊन ठेवू.

वयानं लहान आहेस म्हणून सरळ अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. मी २७ वर्षं हे काम करतोय. पहिली नऊ वर्षं नाटकाबरोबर, अगदी बसच्या टपावर सेट चढवण्यापासून. नंतर मालिका, जाहिराती, सिनेमे. आता गोरेगावात छोटं वर्कशॉप आहे. सुतार, मोल्डर (साच्यातून आकार काढणारा), पेंटर धरून सात-आठ माणसं. मी स्वतः कुठल्याही संस्थेत शिकलेलो नाही, पण माझ्याकडचे दोन चांगले असिस्टंट संस्थेतून आलेत. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे.

आधी तुझ्या प्रश्नातला गुंता सोडवू. त्यात दोन धंदे एकत्र झालेत. नाटकाची जाहिरात नीट वाच. 'नेपथ्य' असं लिहून एक नाव असतं आणि 'नेपथ्य निर्माण' म्हणून दुसरं. पहिला माणूस सेट कागदावर काढतो, मॉडेल करतो, दिग्दर्शकाशी भांडतो. दुसरा तो उभा करतो. सिनेमात हीच फूट आणखी रुंद होते. एकीकडे प्रॉडक्शन डिझायनर, आर्ट डायरेक्टर आणि त्यांचे असिस्टंट. दुसरीकडे सेटिंगचे ठेकेदार, त्यांचे सुतार, मोल्डर, पेंटर. प्रॉपर्टी बनवणारे तिसरेच, त्यांची वर्कशॉपं वेगळी. तू लिहिलंयस 'बनवायला शिकायचंय', पण सोबत जे फोटो पाठवलेस ते सगळे रेखाटनांचे आणि प्रेक्षकांतून काढलेल्या सेटचे आहेत. म्हणजे मनातून तुला नेमकं काय व्हायचंय ते तुझं तुलाच अजून ठरवायचंय. त्यावर कोर्सचं उत्तर बदलतं. काढणाऱ्याला संस्थेचा उपयोग खूप होतो. बांधणाऱ्याला थोडा होतो, आणि जेवढा होतो तो वेगळ्याच संस्थेचा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. मुंबईत राहायला नातेवाइकांकडे जागा आहे का? वर्षभर तुझी कमाई झाली नाही तर घरून पैसे येत राहतील असं आहे का? पाठ, गुडघे कसे आहेत? हा शेवटचा प्रश्न गंमत म्हणून विचारलेला नाही. १८ मिलीमीटरचा ८ बाय ४ चा एक प्लाय ३० किलोच्या वर भरतो. असे दिवसाला वीस उचलले की संध्याकाळी हात पेन धरायच्या लायकीचे राहत नाहीत.

आता माझं मत. तुला बांधायचं शिकायचं असेल तर पहिले सहा महिने सेट मोडायला जा.

हे का म्हणतो ते सांगतो. मुंबईत चालू थिएटरला सुट्टीच्या दिवशी सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. दुपारच्या नाटकाचा पडदा पडला की त्याचा सेट विंगेतून मागच्या दारानं बाहेर आणि रात्रीच्या नाटकाचा सेट त्याच दारानं आत. मधे मिळतो तास, फार तर सव्वा तास. त्यातच लाइटवाल्याला शिड्या फिरवायच्या असतात. तिसरी घंटा थांबत नाही. मग ट्रक किंवा बस भरायची, रात्रभर प्रवास, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तेच. सांगलीचं भावे नाट्यमंदिर, पुण्याचं बालगंधर्व, दादरचं शिवाजी मंदिर, प्रत्येकाच्या रंगमंचाचं तोंड वेगळं, विंगेतली जागा वेगळी, माल चढवायची वाट वेगळी. एकच सेट या सगळ्यांत बसला पाहिजे आणि तीनशेव्या प्रयोगालाही पहिल्यासारखा दिसला पाहिजे. त्यामुळे नाटकाचा सेट पहिल्या दिवसापासून सुटा होण्यासाठीच बांधायचा असतो. घरातलं फर्निचर करणारा सुतार कितीही कसबी असो, इथे पहिल्यांदा हमखास चुकतो. त्याला कायमचं जोडायची सवय असते.

मी कसा चुकलो ते ऐक. कामाला लागून तीन वर्षं झाली होती. एका कौटुंबिक नाटकासाठी जिना करायचा होता. मी आठवडाभर जागून सागवानी वाटावा असा जिना केला. कठडा, कातीव दांडे, सगळं एकसंध. तालमीत सगळ्यांनी वाखाणला. मुंबई-पुण्याचे प्रयोग झाले. मग कोकणचा दौरा लागला. एका गावच्या नाट्यगृहाचं मागचं दार चार फुटी आणि आमचा जिना साडेचार. आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. शेवटी रस्त्यावर, बसच्या दिव्याच्या उजेडात, करवत घेऊन मी माझाच जिना मधोमध चिरला. आत नेऊन पट्ट्या मारून उभा केला, प्रयोग झाला. पुढे त्याच चिरेवर नट-बोल्ट आणि पिनेच्या बिजागऱ्या लावून तो जिना दोन तुकड्यांत दोनशेवर प्रयोग फिरला. एकसंध असताना जेवढा हलायचा त्यापेक्षा कमीच हलला, कारण चिरलेल्या जागी नाइलाजानं का होईना, मला आधाराचे दोन खांब द्यावे लागले होते.

पिनेची बिजागरी म्हणजे जिची मधली पिन उपसता येते ती. एक पाकळी एका फ्लॅटला, म्हणजे सेटच्या भिंतीच्या सुट्या तुकड्याला, दुसरी दुसऱ्याला. दोन्ही भिडवायच्या, वरून पिन सोडायची, भिंत उभी. प्रयोग संपला की पिन उपसायची, भिंत सुटी. पिन दोऱ्यानं फ्लॅटला बांधून ठेवायची, नाहीतर अंधारात हरवते आणि मग खिळा शोधत फिरावं लागतं. ही अक्कल कुठल्या पुस्तकात नसेल असं नाही, पण ती अंगात भिनते ती पिन हरवल्यावरच.

एक साधा फ्लॅट कसा होतो ते बारकाईनं सांगतो, म्हणजे 'बांधणं शिकणं' म्हणजे काय ते कळेल. चार फूट रुंद, दहा फूट उंच. दोन इंची-एक इंची पट्ट्यांची चौकट, मधे दोन आडव्या पट्ट्या, कोपऱ्यात एक तिरका टेकू. चारही कोपऱ्यांवर मागून सहा मिलीमीटर प्लायचे त्रिकोण. इथे दोन गोष्टी नवखा माणूस चुकतो. पहिली, त्रिकोणाच्या वरच्या थराच्या रेषा सांध्याच्या आडव्या गेल्या पाहिजेत. सांध्याच्या बाजूनं रेषा गेल्या तर तो प्लाय सांध्यावरच दुमडतो. दुसरी, त्रिकोण चौकटीच्या कडेला भिडवायचा नाही. कडेपासून एक इंच आत ठेवायचा. कारण उद्या या फ्लॅटला दुसरा फ्लॅट काटकोनात मागून टेकणार आहे, त्याच्या पट्टीला तेवढी जागा लागणार. भिडवलास तर भिंतीच्या कोपऱ्यात सहा मिलीमीटरची फट राहते, आणि मागचा दिवा लागला की त्या फटीतून उजेडाची रेघ थेट बाल्कनीपर्यंत दिसते.

काटकोन तपासायला गुण्या लावशीलच, पण दहा फुटांवर गुण्याचा भरवसा नाही. दोन्ही कर्ण मोज. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात. आमचा जुना मिस्त्री फरक सुतात सांगायचा. एका इंचाचे आठ सूत. "दोन सूत बाहेर आहे" म्हणायचा आणि खरोखर पाव इंच निघायचं. वर्कशॉपमध्ये फूट, इंच आणि सूत चालतात, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर मिलीमीटर असतात, प्लायची जाडी मिलीमीटरमध्ये आणि लांबी-रुंदी फुटांत. हा गोंधळ कुणी निस्तरणार नाही. दोन्ही भाषा यायला हव्यात.

लेव्हलचं, म्हणजे उंचवट्यांचं, एकच सांगतो कारण त्यात माणूस पडतो. पाय चौकटीच्या बाजूला खिळ्यांनी ठोकायचा नाही. मग सगळं वजन खिळे तोलतात. पाय चौकटीच्या खाली आला पाहिजे, लाकडाचं वजन लाकडावर. बाजूनं बोल्ट असतो तो पाय सरकू नये म्हणून. आणि वर १८ मिलीमीटरचा प्लाय असला तरी खाली दर दोन फुटांवर आडवी पट्टी हवीच. तालमीत एक नट सावकाश चालतो; प्रयोगात सहा जण एकदम उडी मारतात.

आता सिनेमा. तिथे वरचं निम्मं उलटं होतं. तिथला सेट काही दिवसांसाठी उभा राहतो आणि मग पहारी घालून तोडला जातो. पहिल्यांदा बघशील तेव्हा पोटात कालवेल. मालिकेचा सेट मधला, तो वर्षानुवर्षं उभा असतो. सिनेमात सुटं होणं लागतं, पण वेगळ्या कारणानं. कॅमेऱ्याला मागे जायला जागा हवी असते म्हणून एखादी भिंत काढती ठेवावी लागते, आणि ती दहा मिनिटांत निघून पुन्हा तिथेच बसली पाहिजे, रंगाची रेघसुद्धा न तुटता. नाटकात पहिली रांगही बऱ्यापैकी लांब असते. तिथे रंगानं काढलेली वीट चालते, किंबहुना खऱ्या विटेपेक्षा बरी दिसते, कारण सावली आपण मुद्दाम गडद रंगवतो. कॅमेरा मात्र नाकाजवळ येतो. त्याला खोबणीतली धूळ दिसते.

म्हणून सिनेमाच्या कामातली अर्धी विद्या म्हणजे नवं जुनं करणं. मालवणच्या एका घराचा सेट होता. दिग्दर्शक सारखा म्हणत होता, खोली राहती वाटत नाही. आमच्या पेंटरनं भिंतींवर ओलीचे डाग काढले, पोपडे काढले, तरी वाटेना. मग तो खाटेवर जाऊन बसला, भिंतीला पाठ टेकली, उठला आणि डोकं जिथे टेकलं होतं तिथे, जमिनीपासून चार फुटांच्या जरा खाली, बोटानं थोडं तेल चोळलं. वरून किंचित काजळी. मग दिव्याच्या बटणाभोवती हाताचा मळ, दाराच्या कडीखाली घासलेली पांढरी चंद्रकोर. वीस मिनिटांचं काम. खोलीत माणूस राहायला आला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो जिथे जाईल तिथल्या भिंती बघायचा, लोकांना वाटायचं येडा आहे. तू आजपासून हे करू शकतेस. सांगलीतल्या जुन्या वाड्यांत जा, पायऱ्या कुठे झिजल्यात बघ, फोटो काढ, उंची मोजून वहीत लिही.

प्रॉपर्टीचंही असंच. नाटकातली पिशवी वर्षभर टिकली पाहिजे. सिनेमातलं पत्र एका टेकला, म्हणजे एकदा शॉट घेताना, फाटणार, म्हणून तशीच दहा पत्रं लागतात. अक्षर तेच, घडी तीच, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागदही त्याच छटेचा. डोक्यावर फोडायची बाटली ठिसूळ रेझिनची करतात. साखरेच्या काचेचे व्हिडिओ तू बघितले असतील, पण मुंबईच्या दमट हवेत ती साखर पाणी धरते, दुपारपर्यंत बाटली चिकट होते. मारामारीतली सुरी एकच वाटते पडद्यावर, आमच्या पेटीत तिच्या तीन असतात. एक जवळून दाखवायला धातूची पण धार नसलेली, एक रबराची, एक पातं आत जाणारी. कोणती कधी कुणाच्या हातात द्यायची याची जबाबदारी प्रॉपर्टीवाल्याची, आणि ती त्यानं दुसऱ्या कुणावर टाकायची नसते. जुन्या वस्तू लागल्या की चोर बाजार, फर्निचर लागलं की ओशिवरा. यातलं पुष्कळ भाड्यानं मिळतं. काय बनवायचं आणि काय आणायचं हे ठरवता येणं हीसुद्धा या धंद्यातली शिकण्याची गोष्ट, आणि ती बिलं भरताना येते.

थर्मोकोलबद्दल मुद्दाम वेगळं लिहितो, कारण तुझा हात तिथे बसलाय. तारेनं कापणं सोपं, त्यामुळे लोकांना वाटतं काम आलं. त्यावर ऑइलपेंट किंवा डब्यातला स्प्रे मारून बघ. थिनर त्याला खातो, सकाळी खांब उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. मी खाऊ दिलाय, म्हणून सांगतो. आधी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेलं जुनं सुती कापड किंवा कागद चढवायचा, वाळू द्यायचा, मग पाण्यात मिसळणारा रंग. पण याहून मोठी गोष्ट आगीची आहे. थर्मोकोल पेटला तर वितळून ठिपकतो आणि काळा, विषारी धूर सोडतो. रंगमंच म्हणजे मुळात लाकूड, कापड, रंग आणि त्यावर तापलेले दिवे. तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात १९१५ मध्ये बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तू बातम्या बघितल्या असशील. त्यानंतर माझ्या वर्कशॉपमधला प्रत्येक पडदा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यातून निघतो. आधीही काढायचो, पण घाई असली की टाळायचो. धुतला की पुन्हा काढावा लागतो, कारण ते पाण्यानं निघून जातं. शिवाय २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर गणपतीच्या आराशीतून थर्मोकोल गेला आणि लालबाग-परळचे कारागीर पुठ्ठा, कापड, बांबू यांच्याकडे वळले. त्यांच्याकडे जाऊन दोन महिने काम केलंस तर व्हिडिओंतून वर्षभरात येणार नाही तेवढं पुठ्ठ्याचं काम येईल. गणपतीच्या आधीचे दोन महिने त्यांना माणसं हवीच असतात.

आता तुझ्या वडिलांचा मुद्दा, संस्था. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

डिझाइनकडे जायचं असेल तर दोन नावं आधी येतात. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ पासूनचं. तिथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि पुढे नेपथ्य-प्रकाश-वेशभूषेच्या बाजूनं विशेष शिक्षण घेता येतं. आणि पुण्याची एफटीआयआय, म्हणजे सिनेमा आणि टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था, १९६० ची. तिथे कलादिग्दर्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, इंटेरिअर अशा क्षेत्रातलं शिक्षण मागतात. तुझा डिप्लोमा त्यात धरतात का, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात शब्द न् शब्द वाच आणि फोन करून खात्री कर. दोन्हीकडे जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत अवघड, पण फी खासगी संस्थांच्या मानानं कमी. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. तिथून आलेली मुलं हातानं काढतात, रंगाचं गणित त्यांना कळतं, आणि आर्ट डिपार्टमेंटमध्ये ती भराभर वर चढतात.

एफटीआयआयबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, तू तिकडचीच आहेस म्हणून. ती संस्था उभी आहे ती प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेवर. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या मालकांपैकी दामले आणि फत्तेलाल बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. आणि बाबूराव मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे, आडनाव मेस्त्री, चुलतभाऊ आनंदराव जोडीला. सिनेमा काढायचा तर कॅमेरा नाही, म्हणून कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. पडदे रंगवणारे आणि लाकूड तासणारे हात होते म्हणून इकडे सिनेमा झाला. हे वडिलांना सांग. कोर्स आणि हाताखाली राहणं यांचं भांडण त्यांच्या मनात थोडं कमी होईल.

पण तुला बांधायचंच असेल, तर माझा सल्ला ऐकून वडील बहुधा चिडतील. आयटीआय कर. सुतारकामाचा ट्रेड एका वर्षाचा, वेल्डिंगचाही. सांगलीतच होईल, फी नगण्य. सिनेमाचे मोठे सेट आता लोखंडी चौकटीवर उभे राहतात, आणि ज्याला लाकूड आणि वेल्डिंग दोन्ही कळतं त्याला मी तरी विचार न करता घेतो. तुझा डिप्लोमा ड्रॉइंग वाचायला आहेच. ड्रॉइंग वाचणारा आणि रंधा चालवणारा माणूस एकच असला तर आर्ट डायरेक्टर आणि ठेकेदार या दोघांमधला निम्मा तंटा मिटतो, आणि अशी माणसं फार कमी आहेत.

'सेट डिझाइन, सहा महिने, काम मिळण्याची हमी' अशा खासगी जाहिरातींबद्दल इतकंच, की पैसे भरण्याआधी तिथलं वर्कशॉप बघायला माग. भिंतीला टांगलेली हत्यारं झिजलेली आहेत का बघ. लाकडाचा भुसा जमिनीवर आहे का बघ. नुसते कॉम्प्युटर आणि प्रोजेक्टर असतील तर तिथे सॉफ्टवेअर शिकवतात. ते वाईट नाही, स्केचअप आलंच पाहिजे, पण त्यासाठी एवढे पैसे लागत नाहीत.

हाताखाली लागण्याचं वास्तवही ऐकून ठेव. नाटकात प्रयोगाला 'नाइट' मिळते. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर हरी हरी. पावसाळ्यात दौरे कमी. सिनेमा-मालिकेत शिफ्टवर काम, आकडा बरा दिसतो, पण पैसे नव्वद दिवसांनी येतात. पहिले तीन महिने तू स्वतःच्या खर्चानं काम करत असतेस असंच धर. सेटिंगच्या कामगारांची मुंबईत युनियन आहे, मोठ्या शूटिंगला कार्ड विचारतात. सुरुवातीला छोट्या कामांवर, एखाद्या ठेकेदाराकडे किंवा प्रॉपर्टीच्या वर्कशॉपमध्ये राहून मग त्याची चौकशी कर. शूटिंगच्या फ्लोअरवर भाषा हिंदी, शिव्या सर्व भाषांत.

मुलगी म्हणून काय, हे तू विचारलं नाहीस, पण घरी विचारलं गेलं असणार. आर्ट डिपार्टमेंटमध्ये आता मुली भरपूर आहेत, रंग, सेटची सजावट, प्रॉपर्टी सांभाळतात. सुतारकामाच्या बाजूला अजून फार थोड्या. रात्री-अपरात्री बस पोचते, काही नाट्यगृहांत बॅकस्टेजवाल्यांना झोपायला धड जागा नसते, बायकांसाठी तर नाहीच. मी हे गोड करून सांगणार नाही. ज्या कंपनीबरोबर जाशील तिच्या दौऱ्यावर आधी जाऊन आलेल्या बाईशी बोल, मॅनेजरशी नव्हे. वर्कशॉपचं काम दिवसाचं असतं, तिथून सुरुवात केलीस तर हा प्रश्न बराच सुटतो.

वर्षभरात काम मिळण्याइतकं येईल का? मदतनीस म्हणून, हो. एकटीच्या भरवशावर सेट घेण्याइतकं, नाही. मला सहा-सात वर्षं लागली आणि तोवर तो जिना चिरून झाला होता.

थोडक्यात, मी तुझ्या जागी असतो तर असं केलं असतं: येत्या वर्षी सांगलीत आयटीआय, सोबत हौशी नाटक सोडायचं नाही, सांगली-कोल्हापूरला येणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक नाटकाच्या मॅनेजरला गाठून 'सेट उतरवायला येऊ का, पैसे नकोत' विचारायचं, गणपतीआधी दोन महिने आराशीच्या वर्कशॉपला, आणि वर्षाच्या शेवटी एफटीआयआयची परीक्षा द्यायची की मुंबईला यायचं ते ठरवायचं. तोपर्यंत आपण काढणारे आहोत की बांधणारे, हे हातांनाच कळलेलं असेल.

फोटोंबद्दल राहिलं. कुणाकडे काम मागायला जाशील तेव्हा सेटचे फोटो मागून काढलेले ने. समोरून सगळ्यांचेच सेट छान दिसतात. मी तरी आधी टेकू कुठे दिलाय, वजन कशावर आहे, पट्टीवर 'डावी ३', 'उजवी १' असे आकडे लिहिलेत की नाही हे बघतो. आकडे असतील तर या माणसानं सेट निदान एकदा तरी घाईत उभा केलाय, एवढं कळतं.

हत्यारं. एवढ्यात मशिनं घेऊ नकोस, वर्कशॉपला असतात. पाच मीटरची टेप, गुण्या, ओळंबा, एक बरी पटाशी, हातोडी, पाना, आणि सुताराची चपटी पेन्सिल, कारण गोल पेन्सिल लेव्हलवरून घरंगळते. अर्धा इंच म्हणजे एक फूट या मापाची पट्टी मॉडेलसाठी. हत्यारांवर नाव कोरून घे, रंगानं लिहिलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या नावाचं होतं. डोळ्यांना चष्मा, भुशासाठी मास्क. चपला घालून येऊ नकोस, जाड तळाचे बंद बूट घे. तोडलेल्या सेटवर उलट्या पट्ट्या पडलेल्या असतात, खिळे वर करून. आणि यायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेव.